'सेट' या शब्दाचे अर्थविश्व आणि आपली कोशदृष्टी

१

काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या परीक्षेतील भाषांतरविषयक प्रश्नपत्रिकेसाठी मी एक इंग्रजी उतारा निवडला होता. उताऱ्यात एका वृद्ध शेतकऱ्याचे वर्णन होते आणि त्याच्या खांद्यांच्या ठेवणीवरूनच त्याचा करारी स्वभाव ध्यानात येई, अशा आशयाचे एक वाक्य त्यात होते. 'ठेवण' या अर्थी मूळ इंग्रजीत 'सेट' हा शब्द नाम म्हणून आला होता. उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने 'त्याच्या खांद्यांचा संच' असे भाषांतर केलेले आढळले. तपासणीच्या दालनात ते वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवले, सहकारी हसले, मीही हसलो आणि त्या वाक्याचे गुण कापून पुढच्या उत्तरपत्रिकेकडे वळलो.

घरी परतल्यावर मात्र मी वर्गात ज्याची नेहमी शिफारस करीत आलो होतो तो इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहिला. 'सेट' या नामापुढे पहिला पर्याय 'संच' हाच होता. 'ठेवण' हा शब्द तेथे कोठेही नव्हता. विद्यार्थ्याने मी सांगितले तेच केले होते. त्याने कोश पाहिला होता आणि कोशावर विश्वास ठेवला होता. चूक त्याची होती हे खरे. परंतु त्या चुकीत कोशाचा वाटा होता, आणि शब्दाचा अर्थ म्हणजे त्याच्यापुढे लिहिलेला पर्याय अशी समजूत वर्षानुवर्षे वर्गात रूढ करणाऱ्या माझ्यासारख्या अध्यापकाचा वाटा तर त्याहून मोठा होता. त्या विद्यार्थ्याला आता गुण परत देता येणार नाहीत. निदान त्या चुकीचा विचार करावा, या हेतूने हे लेखन केले आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : एखाद्या शब्दाचे अनेक अर्थ ही भाषेतील अव्यवस्था नसून तो त्या शब्दाचा इतिहास असतो, हा इतिहास क्रियापदांच्या आधारे उलगडतो, आणि आपल्या कोशांनी व आपल्या अभ्यासक्रमांनी त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. उदाहरणादाखल 'सेट' हा एकच शब्द येथे घेतला आहे. तो इंग्रजीतील अत्यंत सामान्य शब्द आहे आणि आज तो मराठी बोलण्यातही तितकाच सामान्य झाला आहे.

२

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' या कोशाचा पहिला भाग १८८४ साली आणि अखेरचा १९२८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या १९८९ सालच्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या शब्दाची होती. तेथे त्याचे सुमारे ४३० अर्थ नोंदवले होते आणि त्या एका नोंदीने सुमारे ६०,००० शब्द व्यापले होते. पुढे कोशाच्या पुनर्लेखनात 'रन' या क्रियापदाने त्याला मागे टाकले. २०११ सालच्या सुमारास 'रन'चे ६४५ अर्थ मोजले गेले. हे आकडे नवलाईचे म्हणून सांगितले जातात. तथापि त्यांमागील तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे. या कोशात अर्थ केवळ क्रमांक देऊन मांडलेले नाहीत. कोणता अर्थ केव्हा प्रथम लेखनात आला, त्यातून दुसरा कसा निघाला, कोणता केव्हा मावळला, हे सालवार उदाहरणांनिशी तेथे दाखवलेले असते. चारशे तीस अर्थांची ती नुसती यादी नसते. अर्थांची वंशावळ असते.

ही वंशावळ 'सेट'च्या बाबतीत कशी आहे? क्रियापद म्हणून 'सेट' हे 'सिट' म्हणजे 'बसणे' याचे प्रयोजक रूप आहे. प्राचीन इंग्रजीत 'सित्तान' म्हणजे बसणे आणि 'सेत्तान' म्हणजे बसवणे. त्यामागचा मूळ धातू इंडो-युरोपीय भाषाकुलातील आहे. लॅटिनमधील 'सेदेरे' आणि संस्कृतातील 'सद्' ही त्याचीच रूपे. परिषद, संसद, सभासद, उपनिषद हे आपले नित्याचे शब्द याच धातूपासून झालेले आहेत. म्हणजे संसदेतला सभासद आणि इंग्रजीतला 'सेट' हे दूरचे का होईना, पण नातलग आहेत.

बसवणे हा मूळ अर्थ एकदा मनात धरला की वरवर परस्परविरोधी वाटणारे अर्थ आपोआप रांगेत येतात. वस्तू एका जागी बसवली की ती स्थिर होते. म्हणून द्रव घट्ट होणे, सिमेंट कठीण होणे, मत पक्के होणे हे अर्थ. जागा निश्चित केली की काळ आणि किंमतही निश्चित करता येते. म्हणून तारीख ठरवणे, भाव ठरवणे, परीक्षेचा प्रश्न नेमणे. खाली बसणे यातून सूर्याचे मावळणे. विशिष्ट दिशेने बसवणे यातून दिशा धरणे आणि त्यातूनच प्रवासाला निघणे. स्थिरावणे आणि निघणे हे विरुद्ध अर्थ एकाच शब्दात नांदतात याचे आश्चर्य मग उरत नाही. आणि एखादी गोष्ट ज्या रीतीने बसवलेली असते ती रीत म्हणजे तिची ठेवण. माझ्या प्रश्नपत्रिकेतील खांद्यांचा 'सेट' तो हा.

परंतु येथे एक गुंतागुंत आहे. 'समूह' या अर्थाचे 'सेट' हे नाम या क्रियापदापासून सरळ आलेले नाही. ते जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचे मूळ लॅटिन 'सेक्ता' या शब्दात आहे. एखाद्याच्या मागून जाणाऱ्यांचा गट, पंथ असा त्याचा अर्थ. इंग्रजीत 'पंथ' या अर्थाने रूढ असलेला 'सेक्ट' हा शब्दही त्याच मुळाचा. पुढे उच्चार सारखा असल्यामुळे या नामावर 'सेट' क्रियापदाची छाया पडली आणि 'एकत्र बसवलेल्या वस्तू' असा अर्थ लोकांना स्वाभाविक वाटू लागला. दोन वेगवेगळ्या उगमांचे प्रवाह एका पात्रात मिसळले. म्हणजे 'खांद्यांचा संच' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने एका शब्दाचा चुकीचा अर्थ निवडला असे म्हणण्यापेक्षा, त्याने भलत्याच कुळातला शब्द उचलला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कोशाने ही दोन कुळे वेगळी दाखवली असती तर तो कदाचित फसला नसता.

एकच शब्द अनेकार्थी आहे, की सारख्या रूपाचे अनेक शब्द आहेत, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग स्वतंत्रपणे दिलेला आहे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त शब्दाचे एकत्व आणि नानात्व या दोन्ही पक्षांचा विचार केला आहे आणि अनेक अर्थांतून नेमका अर्थ कशाने ठरतो, याचा निर्णय करणारी साहचर्य, विरोध, प्रकरण यांसारखी साधने सांगितली आहेत. पुढे मम्मटाने व्यंजनेच्या विवेचनात त्यांचाच आधार घेतला. 'सैंधव आण' असे जेवताना म्हटले तर मीठ आणावयाचे आणि प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा, हे उदाहरण आपण सर्वांनी साहित्यशास्त्राच्या तासाला शिकवलेले आहे. खेदाची गोष्ट ही की, त्या तासाला शिकवलेले भाषांतराच्या तासाला आपल्या उपयोगी पडत नाही. साहित्यशास्त्र एका प्रश्नपत्रिकेत आणि भाषांतर दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत, अशी आपण त्यांची फारकत करून टाकली आहे.

३

इंग्रजी 'सेट' हे 'बसवणे' आहे असे म्हटल्यावर आपल्या 'बसवणे'कडे पाहणे क्रमप्राप्त ठरते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोहोंत संबंध नाही. मराठी 'बसणे' हे जुन्या 'बैसणे'तून आणि ते संस्कृत 'उपविश्' या धातूपासून प्राकृतमार्गे आले आहे. परंतु दोन्ही भाषांनी 'बसणे'चे प्रयोजक रूप घेऊन त्यावर अर्थांचे जे इमले उभारले, त्यांत विलक्षण साम्य आढळते. मोडलेले हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'सेट' हेच क्रियापद येते. क्रिकेटमधील जो फलंदाज इंग्रजी समालोचकाच्या भाषेत 'सेट' होतो, त्याचा मराठीत 'जम बसतो'. हे अनुकरण नव्हे. एकाच शारीर अनुभवातून दोन भाषा स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोचल्या, याची ही साक्ष आहे.

साम्याइतकाच भेदही बोलका आहे. मराठीत गणपती बसवतात, घट बसवतात, कर बसवतात, नाटक बसवतात, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतात. याउलट इंग्रजी 'सेट'चा मोठा प्रदेश मराठीत 'बसवणे'च्या हद्दीबाहेर राहतो आणि तो आपली भाषा अनेक क्रियापदांत वाटून देते. सापळा आणि गजर 'लावतात', जेवणाची पाने 'मांडतात', तारीख 'ठरवतात', आदर्श 'घालून देतात', संस्था 'उभारतात', प्रश्नपत्रिका 'काढतात', मुद्रणालयात खिळे 'जुळवतात', पैसे बाजूला 'ठेवतात', आणि वरिष्ठ न्यायालय खालच्या न्यायालयाचा निर्णय 'रद्दबातल ठरवते'. इंग्रजीने एका क्रियापदाला निरनिराळी अव्यये जोडून जे साधले, ते मराठीने निरनिराळ्या क्रियापदांची नेमणूक करून साधले. शिवाय या प्रत्येक क्रियापदाचे स्वतःचे असेच विस्तीर्ण कुटुंब आहे. 'लावणे' घ्या : दिवा लावणे, झाड लावणे, सूर लावणे, चाल लावणे, नाव लावणे, लळा लावणे, वाट लावणे आणि अर्थ लावणे. आपण ज्याला समीक्षा म्हणतो त्या व्यवहाराचे वर्णन करणारे क्रियापदही याच कुटुंबातले आहे.

असे असूनही मराठीच्या पदव्युत्तर संशोधनात क्रियापदाला जवळजवळ स्थान नाही. आपण नामांचे संशोधक आहोत. प्रबंधांचे विषय पाहिले तर कवी, कादंबरी, प्रवाह, चळवळ, प्रतिमा, जाणीव अशी नामेच सर्वत्र दिसतात. 'लागणे' या क्रियापदाचा महानुभाव गद्यापासून आजच्या दलित आत्मकथनांपर्यंतचा प्रवास हा विषय कोणी मार्गदर्शकाकडे घेऊन गेला, तर 'याला वाङ्मयीन मूल्य काय?' असा प्रश्न विचारला जाण्याचीच शक्यता अधिक. हा प्रश्न मीही एकेकाळी विचारला असता, हे येथे प्रांजळपणे मान्य करतो.

४

आता मराठीत आलेल्या 'सेट'कडे वळू. परभाषेतून शब्द येतो तेव्हा तो आपले सगळे अर्थ बरोबर घेऊन येत नाही. मोजके अर्थ घेऊन येतो आणि येथे आल्यावर नवे मिळवतो. 'सेट'ने मराठीत आणलेला पहिला अर्थ समूहाचा : कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट, ग्रंथांचा सेट, अर्जासोबत जोडावयाच्या छायाप्रतींचे तीन सेट. कार्यालयातील लेखी सूचनेत यालाच 'संच' म्हणतात आणि खिडकीमागचा कर्मचारी तोंडाने 'सेट' म्हणतो. गणितात 'संच' हा पारिभाषिक शब्द शालेय पुस्तकांपासून स्थिरावला आहे आणि तो उत्तम आहे. परंतु 'दूरचित्रवाणी संच', 'दूरध्वनी संच' या प्रयोगांत इंग्रजी अर्थाच्या मागोमाग मराठी शब्दही ओढला गेला. घरातील एकच एक यंत्र आपल्या दृष्टीने 'संच' का असावे, याचे उत्तर मराठीत मिळत नाही. ते इंग्रजीत मिळते. शब्द आपला आणि अर्थ परका, अशी ही अवस्था आहे. शब्द परका आणि अर्थ आपला या अवस्थेची चर्चा आपण पुष्कळ करतो. हिची करीत नाही.

दुसरा अर्थ रंगभूमीवरचा आणि चित्रपटातला. 'नेपथ्य' हा शब्द संस्कृत नाट्यपरंपरेत वेशभूषेशी व पडद्यामागच्या जागेशी निगडित होता. आधुनिक मराठीत त्याला रंगमंचावरील दृश्यरचनेचा अर्थ लाभला. तरीही 'सेट' त्यामुळे हटला नाही, कारण 'सेट'ला स्थळाचाही अर्थ आहे. 'नट सेटवर आला' असे आपण म्हणतो. 'नेपथ्यावर आला' असे म्हणत नाही. येथे रूपाचेही एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. 'टेबल' या शब्दाने मराठी विभक्तीची शिस्त स्वीकारली, म्हणून आपण 'टेबलावर' म्हणतो. 'सेट'ने ती स्वीकारलेली नाही. 'सेटावर' कोणी म्हणत नाही. आलेला शब्द किती मुरला हे त्याच्या सामान्यरूपावरून पारखता येते.

तिसरा गट क्रियापदांचा. केस सेट करणे, गजर सेट करणे, 'अमुक आता सेट झाला' म्हणजे नोकरी, घर, संसार यांनी स्थिरस्थावर झाला. या शेवटच्या अर्थी 'सेटल होणे' असेही म्हणतात आणि बोलताना दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. इंग्रजीत 'सेटल' हा शब्दही त्याच 'बसणे'च्या मुळाचा आहे. म्हणजे इंग्रजीत वेगळी बिऱ्हाडे केलेली भावंडे मराठीच्या अंगणात पुन्हा एकत्र आली आहेत. 'सेटिंग'ची कथा याहून निराळी आहे. भ्रमणध्वनीतील 'सेटिंग' निरुपद्रवी आहे. परंतु 'तेथे त्याची सेटिंग आहे' या वाक्यातील अर्थ साटेलोट्याचा आहे. हा अर्थ आपण इंग्रजीकडून उसना घेतलेला नाही. तो येथील व्यवहाराने या शब्दाला दिला आहे. शब्दाला आपल्या समाजाचा अनुभव चिकटतो तो असा.

या देवघेवीत काही हानीही आहे, आणि ती स्वयंपाकघरात स्पष्ट दिसते. दही 'विरजते' वा 'लागते', तूप 'थिजते', रस 'आळतो', पाणी 'गोठते', लोणचे 'मुरते'. प्रत्येक पदार्थाच्या स्थित्यंतराला मराठीने स्वतंत्र क्रियापद दिले होते, कारण ती स्थित्यंतरेच स्वतंत्र आहेत. आजच्या पाककृतींत मिश्रण 'सेट होण्यासाठी' शीतकपाटात ठेवावयाचे असते, मग ते दही असो, वडी असो वा खरवस असो. एक शब्द आला ही हानी नव्हे. पाच शब्द न वापरता राहिले ही हानी आहे. 'आळणे' हे क्रियापद माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना सांगावे लागते. आणि जुन्या कथा-कादंबऱ्यांत ते भेटले म्हणजे त्या वाक्यातील वास, आच आणि वेळ त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

'सेट'चा आणखी एक अर्थ या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांसाठी पुणे विद्यापीठामार्फत घेतली जाणारी साहायक प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा म्हणजे 'सेट'. हा केवळ आद्याक्षरांचा योगायोग. मूळ शब्दाशी त्याचा संबंध नाही. परंतु मराठीने येथे एक मार्मिक भेद केला आहे. दागिन्यांचा वा कपांचा सेट पुल्लिंगी आणि परीक्षेचे नाव असलेली सेट स्त्रीलिंगी. 'नवा सेट घेतला', पण 'सेट अवघड गेली'. इंग्रजीला जे व्याकरणाने दाखवता येत नाही ते मराठीने लिंगभेदाने दाखवले. परका शब्द घेताना भाषा निष्क्रिय नसते, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

मध्यंतरी माझा एक माजी विद्यार्थी भेटला. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याला बरीच वर्षे झाली आहेत. तो तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतो आणि दोहोंमधील अंतर दुचाकीवरून कापतो. काय चालले आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, सेट तर झाली, पण सेट झालो नाही." त्याला श्लेष करावयाचा नव्हता, तो आपली परिस्थिती सांगत होता. 'झाली' आणि 'झालो' या दोन प्रत्ययांच्या मधल्या जागेत एका पिढीची स्थिती मावलेली आहे. त्या वाक्याचे इंग्रजी भाषांतर मी करून पाहिले. ते झाले नाही. इंग्रजी शब्दावर उभे असलेले ते वाक्य इंग्रजीत जात नाही, कारण ते पूर्णपणे मराठी आहे.

५

हे वाक्य आपल्या कोणत्या कोशात नोंदले जाईल? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली निघाली. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. दाते-कर्वे यांच्या संपादनाखालील महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आणि पुरवणी विभाग १९५० साली प्रसिद्ध झाला. या कामांचे मोल कितीही सांगितले तरी थोडेच. 'लागणे', 'बसणे', 'पडणे' यांसारख्या क्रियापदांच्या त्यांतील नोंदी आजही एखाद्या निबंधासारख्या वाचाव्यात. परंतु १९५० नंतरच्या मराठीने दूरचित्रवाणी पाहिली, संगणक आणि भ्रमणध्वनी हाताळले, ग्रामीण व दलित साहित्यातून बोलींचे अपूर्व शब्दधन मुद्रणात आणले. त्या शब्दांचे अर्थ कोणत्या साली, कोणत्या लेखनात, कसे बदलले याची सलग नोंद करणारा कोश आपल्याला लाभलेला नाही. प्राचीन मराठीपुरते हे काम शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांच्या १९९९ सालच्या कोशाने मोठ्या प्रमाणात केले. संस्कृतासाठी ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचा प्रकल्प पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली हाती घेण्यात आला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. म्हणजे पद्धती येथे अवगत आहे, परंपरा येथे आहे, माणसेही येथेच घडली आहेत. चक्रधरांपासून आजपर्यंतच्या मराठीला मात्र असा पूर्ण कोश नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. या निर्णयाचे स्वागत सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. परंतु भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा मांडणे आणि तिच्या प्रत्येक शब्दाची हकीकत लिहिणे ही दोन कामे वेगळी आहेत. पहिले झाले, दुसरे त्यामुळे आपोआप होणार नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परभाषेतील शब्दांचे असे कौतुक करण्यापेक्षा त्यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत. भाषाशुद्धीची ही भूमिका सावरकर आणि माधव ज्यूलियन यांच्यापासून आपल्याकडे हिरिरीने मांडली गेली आहे आणि तिने भाषेला कितीतरी नेटके शब्द दिले, हे अमान्य करता येणार नाही. परंतु प्रतिशब्द देण्यासाठीसुद्धा मूळ शब्द किती ठिकाणी काय काम करतो हे आधी ठाऊक असावे लागते. 'सेट'ला एक प्रतिशब्द शोधणारा पराभूत होईल, कारण 'सेट' एक नाही. 'मिश्रण सेट होऊ द्या' याला 'आळू द्या' हा पर्याय आहे, 'गजर सेट करा' याला 'गजर लावा' हा आहे आणि खांद्यांच्या 'सेट'ला 'ठेवण' आहे. हे पर्याय घडवावे लागत नाहीत; ते भाषेत आहेतच. त्यांची आठवण करून देणारा कोश तेवढा नाही. म्हणून शुद्धीच्या पुरस्कर्त्यालाही अनेकार्थतेचा अभ्यास टाळता येणार नाही.

दुसरा आक्षेप परिभाषेच्या बाजूने येईल : शास्त्राला आणि शासनव्यवहाराला एका संज्ञेस एकच अर्थ आवश्यक असतो. हे पूर्णपणे मान्य आहे. गणितात 'संच' म्हणजे 'संच'च असावा. परंतु परिभाषेचा हा नियम आपण नकळत सर्व भाषेला लागू केला, येथे घोटाळा झाला. गेल्या काही दशकांत आपल्याकडे परिभाषाकोशांचे काम नेटाने झाले, मात्र त्याच्या तोडीचे सामान्य भाषेच्या कोशाचे काम झाले नाही. परिणामी इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द पाहण्याची सवय विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली. कायद्याची कलमे अशा सवयीने भाषांतरित होऊ शकतील. शेतकऱ्याचे खांदे होणार नाहीत.

७

केवळ उणीव दाखवून थांबणे उचित नाही, म्हणून काही सूचना विचारार्थ मांडतो. पहिली अशी की, पदव्युत्तर स्तरावरील लघुप्रबंधासाठी प्रत्येक विभागाने दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला एक क्रियापद द्यावे. 'बसणे', 'लागणे', 'पडणे', 'धरणे', 'मांडणे', 'उठणे', यांतील कोणतेही. लीळाचरित्र, संतवाङ्मय, बखरी, एकोणिसाव्या शतकातील नियतकालिके, आधुनिक कथा-कादंबरी आणि विद्यार्थ्याची स्वतःची बोली, या क्रमाने त्याने सालवार वा कालवार उदाहरणे गोळा करावीत. संगणकामुळे हे काम आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे. दहा विभागांनी दहा वर्षे हे केले तर शंभर क्रियापदांची साधनसामग्री हाती येईल, आणि मराठीचे दैनंदिन बोलणे ज्यांच्या खांद्यावर चालते त्या क्रियापदांचा मोठा भाग तिच्यात येऊन जाईल.

दुसरी सूचना भाषांतराच्या अध्यापनाविषयी. पर्यायांची यादी पाठ करून घेण्याऐवजी एकच इंग्रजी क्रियापद घेऊन त्याची वीस वाक्ये विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत आणि मराठी ती किती क्रियापदांत वाटून देते हे त्यांनाच शोधू द्यावे. माझ्या वर्गात गेली काही वर्षे मी हा प्रयोग करीत आहे. विद्यार्थी कोशाकडे न जाता प्रथम आपल्या आजीच्या, शेतातल्या, बाजारातल्या बोलण्याकडे जातात. 'ठेवण' हा शब्द त्यांना तेथे सापडतो. मला तो त्यावेळी कोशात सापडला नव्हता.

तिसरी सूचना अशी की, आलेल्या शब्दांची नोंद संकोच न करता व्हावी. 'सेटिंग'चा मराठी अर्थ कोशात न घेतल्याने तो व्यवहार थांबणार नाही. पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला आजची कादंबरी मात्र समजणार नाही.

खांद्यांचा संच लिहिणारा तो विद्यार्थी पुढे काय करतो, हे मला ठाऊक नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसते. तो कदाचित आज कोठेतरी भाषांतर शिकवीतही असेल. त्याच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या हाती याहून बरा कोश असावा, आणि तो कोश घडवण्याच्या कामात आपल्या विभागांचा काही वाटा असावा, इतकीच या लेखामागील अपेक्षा आहे. अभ्यासकांनी या दृष्टीने विचार करावा आणि येथील प्रतिपादनातील उणिवा दाखवून द्याव्यात, अशी विनंती आहे.